चाकावरचं कुंकू

“वहिनी, आता चाकांनाही सौभाग्यवती करून टाकलंत का?”

आमोद हसत म्हणाला, आणि डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने त्याने ट्रॉलीच्या चाकांवरच्या कुंकवाच्या रेघा एकामागून एक पुसून टाकल्या. शेडच्या दारात वासंती हातात करंडा धरून तशीच उभी राहिली... श्यामला, तिच्या नवऱ्याला, जाऊन आठ वर्षं झाली होती. दीर मनाने वाईट नव्हता; पण घर पुण्याच्या नारायण पेठेतून शहराबाहेर मांजरीला आलं तरी त्याची जीभ काही पेठेतून हलली नव्हती! आज त्या जिभेने नेमक्या जागी घाव घातला होता.

हा जुना डिझेल ट्रक म्हणजे श्यामची हौस. मागे बसायला सीट करून घेतल्या, स्टोव्ह, गाद्या आणि पाण्याचे ड्रम मावतील अशी जोडायची ट्रॉली बनवून घेतली, आणि सगळ्या घराने मिळून यातून हिंडायचं असं त्याने ठरवलं. तेवढ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि घरी कुणीतरी हवं म्हणून वासंती मागे राहिली. पुढे श्याम गेला, बंगळूरची नोकरी सोडून आमोद घरी आला, गाडीच्या किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. पण ‘घरी कुणीतरी हवं’ हे वाक्य मात्र जागचं हललं नाही. दीड वर्षापूर्वी सासूबाईही गेल्या. तरी वासंतीला चलता का म्हणून विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि आपण होऊन विचारेल तर ती वासंती कसली!

पण तिचा जीव मोठा चौकस. मंडळी सहलीहून आली की गाडी धुवायच्या निमित्ताने ती चाकांपाशी जाऊन बसायची. मडगार्डच्या आतून लाल माती निघाली म्हणजे कोकण. स्प्रिंगच्या पाट्यांच्या फटीत वाळू सापडली म्हणजे स्वारी थेट किनाऱ्यापर्यंत गेलेली. आणि रेडिएटरच्या जाळीतली ही कुसळं बरं कुठल्या माळावरची? टायरच्या खाचेत अडकलेला एवढासा शंख तिने धुऊन डबीत जपून ठेवला होता. माहेर वऱ्हाडातलं, समुद्र तिने पाहिलाच नव्हता. तो कसा असेल हे ती चाकांना विचारायची, माणसांना नाही.

धुण्याबरोबर बाकीचंही तीच करायची. ग्रीस भरणं, डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडणं, नट आवळणं, सगळं श्यामने हौसेने शिकवलेलं. वर्षातून एकदा गॅरेजवाला हात लावतो म्हणून गाडी पळते, अशी आमोदची समजूत, आणि तिनेही ती मोडली नव्हती. नट आवळला की नटावरून चाकावर एक सरळ रेघ ओढायची. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. श्याम खडूने ओढायचा, ती पुसली जायची. तेव्हा सासूबाईंनीच पलंगावरून आपली मेणाची डबी पुढे केली होती. आधी मेण लाव, वर कुंकू, माझं साठ वर्षं घामाने पुसलं नाही, असं म्हणाल्या होत्या.

हे सगळं आमोदला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण ‘सौभाग्यवती’ हा शब्द ऐकून ती तशीच स्वयंपाकघरात निघून गेली. प्रवासाच्या दशम्यांची कणीक मळता मळता ती पदराने डोळे टिपत राहिली. मेली मीच वेडी, असं वाटून गेलं. मात्र ट्रॉलीच्या डाव्या चाकाला कालच नवा टायर बसवला होता, आणि नव्याने बसवलेल्या चाकाचे नट पहिल्या धावेत सैल होतात. आपल्या रुसव्यापायी त्यांचे जीव कसे टांगणीला लावायचे?

पहाटे उठून तिने पुन्हा सगळे नट आवळले, पुन्हा रेघा ओढल्या. निघताना जावेला, स्पृहाला, एवढंच सांगितलं की मुळशीच्या पुढे चहाला थांबाल तेव्हा त्या डाव्या चाकावरच्या रेघा सलग आहेत का ते बघ, नसतील तर घाट उतरू नका.

साडेनऊला फोन वाजला. पलीकडे आमोद होता.

“वहिनी... दोन रेघा तुटल्यात. नटावरचा तुकडा एकीकडे, चाकावरचा दुसरीकडे. याचा अर्थ काय?”

आवाज हलू न देता वासंतीने आधी इतर चाकांखाली दगड लावायला सांगितले, मग पान्हा घ्यायला लावला, आणि ओळीने न जाता समोरासमोरचे नट कसे आवळायचे ते एकेक करून सांगितलं. सगळे बसले, असं तो म्हणाला.

“तुम्हाला कसं कळलं हे?”

“नट सैल झाला की रेघ तुटते, भावजी. सौभाग्याचा त्यात काही संबंध नाही.”

फोन बंद झाला. आपण फार बोललो का, या विचाराने तिला घास गोड लागेना. बाराच्या सुमाराला फाटकाबाहेर ओळखीची घरघर ऐकू आली, आणि ती धावतच बाहेर गेली. काय बिघडलं आता? बिघडलं काहीच नव्हतं. आमोदने पुढचं दार उघडून धरलं होतं, स्पृहा आपली पिशवी उचलून मागे जाऊन बसली होती.

“बसा, वहिनी.”

“अहो, पण घरी कुणीतरी हवं...” सवयीने तिच्या तोंडून गेलं.

“कुणासाठी?” आमोदचा आवाज एकदम भरून आला. “आई जाऊन दीड वर्ष झालं. कुणासाठी ठेवलं मी तुम्हाला इथे? आणि वर काय बोललो काल... मला माफ करा.”

वासंती फाटकाला धरून रडली, अगदी पोटभर रडली. मग डोळे पुसून आत गेली, दोन साड्या, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी घेऊन आली.

घाट उतरल्यावर तिनेच गाडी थांबवायला लावली. इतकी वर्षं मडगार्डमधून खरवडून काढलेली ती लाल माती इथे जमिनीवर लांबवर पसरली होती. तिने चप्पल काढली आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग डाव्या चाकाचे नट तपासून मेणाची डबी आणि करंडा तिने आमोदच्या हातात दिला. तो गुडघ्यांवर बसला आणि जन्मात पहिल्यांदा रेघ ओढू लागला.

“वाकडी आली, वहिनी.”

“वाकडी चालते, भावजी. तुटली नाही म्हणजे झालं. आता समुद्र किती लांब राहिलाय, तेवढं सांगा.”