पोराला उतरवा

ज्या बाईनं जन्मात समुद्र पाहिला नाही, तिनं रोज संध्याकाळी त्याची खबर घ्यावी, हे तुम्हाला नवलाचं वाटेल का? वाटेलच. म्हैसुरातल्या लोकांनाही वाटायचं.

बोगादीच्या वाटेवर, वस्ती संपून नाचणीची शेतं सुरू होतात, तिथं जयलक्ष्मीचं घर होतं. ही गोष्ट पन्नासेक वर्षांपूर्वीची. बोगादी तेव्हा खेडंच होतं. घरात माणसं दोनच, ती आणि तिचे सासरे फत्तेसिंगराव. फत्तेसिंगरावांची उमर राजांच्या घोडदळात गेली होती. त्यांचा मुलगा रणोजीराव मात्र घोड्याऐवजी इंजिनाच्या नादी लागला आणि माल्प्याच्या बंदरात मासेमारीच्या एका नावेवर इंजिन सांभाळायला राहिला.

जाताना त्यानं बायकोच्या हाती ट्रान्झिस्टर दिला होता. "आमचा मालक हवामान ऐकत नाही, नाव चालवणारा तांडेल ऐकत नाही. तू ऐक. समुद्र खवळणार म्हणाले, की धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात फोन लाव. मी असेन तिथं."

तेव्हापासून जयलक्ष्मीनं एक संध्याकाळ चुकवली नाही. किनाऱ्याकडच्या स्टेशनवरून मच्छीमारांसाठी कन्नडमध्ये हवामान सांगायचे. संथ आवाजात, प्रत्येक वाक्य दोनदा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहावं. वारा कुठला, लाटा केवढ्या, लक्षद्वीपकडे काय, खोल समुद्रात काय. वाटेवर गंगाधरराव शिंप्यांचं दुकान होतं. आसपास फोन तेवढा त्यांच्याकडेच. ते तिला चिडवायचे, "काय वहिनी, कुक्करहळ्ळीच्या तळ्याला आज भरती किती?" ती हसून पुढं जायची.

त्या वर्षी नवरात्रात रणोजीरावाचा फोन त्याच दुकानात आला. मालक खंडेनवमीलाच नाव बाहेर काढणार होता. त्या दिवशी सगळा किनारा आयुधपूजा करतो, नावा बांधलेल्या असतात, म्हणून बाजारात मासळी नसते. आपण एकट्यानं आणली तर दुप्पट भाव. रणोजीराव म्हणाला, "नाही म्हटलं तर काम जाईल. बाबांना सांगू नकोस हं. नवमीला इंजिनाला हात लावला कळलं तर ते मला दारात उभं करणार नाहीत."

जयलक्ष्मीनं सांगितलं नाही.

नवमीच्या सकाळी फत्तेसिंगरावांनी पाट मांडला. वाडवडिलांची तलवार, भाला, कोयता, घरातली विळी, तिची कात्री. सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, शेवंतीची फुलं वाहिली. मग त्यांनी फळीवरचा ट्रान्झिस्टर उचलून तलवारीशेजारी ठेवला.

"मामंजी, रेडिओ तेवढा नको..."

"का? पोराच्या पोटापाण्याचा आहे ना? मग हत्यारच झालं ते." त्यांनी मागचं झाकण उघडून सेल काढले आणि कोटाच्या खिशात टाकले. "चुकून हात लागायला नको. आज हत्यारं निजतात. उद्या दशमीला उठवायची."

"पण संध्याकाळचं हवामान..."

"अय्यो, सुम्ने उगीच काळजी करतेस. आज समुद्रात जातंय कोण?"

ती फुलांची परडी उचलून आत गेली.

दिवस सणाचा होता. वाटेनं झेंडूच्या माळा घातलेल्या बसगाड्या जात होत्या. चौकात कोहळे फोडून त्यांत कुंकू कालवलेलं, त्यावर माश्या घोंगावत होत्या. दिवस कलला तशी वर्दळ थांबली. जयलक्ष्मीनं समई लावली आणि पाटासमोर बसली. हवामानाची वेळ झाली होती. सासऱ्यांचा कोट खुंटीवर होता. दोन पावलं टाकली असती तर सेल हाती आले असते. ती उठलीसुद्धा. पण समईच्या उजेडात तलवारीवरचं कुंकू ओलं दिसलं, आणि तिचा हात पुढं होईना.

तेव्हा पाटावर खरखर झाली.

आधी तिला वाटलं, फुलांत किडा असेल. खरखर वाढली. शेवंतीचं एक फूल रेडिओवरून घरंगळून खाली पडलं. आणि मग आवाज आला. संथ, खोल, पाण्याखालून यावा तसा.

"लक्षद्वीपच्या समुद्रात... वादळ उठलं आहे."

थोडा वेळ थांबून पुन्हा तेच.

"रात्री ते किनाऱ्याकडे वळेल. रात्री ते... किनाऱ्याकडे वळेल."

जयलक्ष्मीच्या अंगावर काटा आला तो शब्दांनी नव्हे. हवामान नेहमी कन्नडमध्ये असायचं. हा आवाज मराठी बोलत होता. तीही पुण्यामुंबईची मराठी नव्हे. त्यांच्या घरातली, हेल काढून बोलायची, दोनशे वर्षं म्हैसुरात मुरलेली मराठी. आणि खोलीत एक वास भरला होता, ओला, खारट, कुजक्या दोरखंडासारखा. असा वास तिनं कधी घेतला नव्हता, तरी तो कशाचा हे तिला कळलं.

"पोराला उतरवा," आवाज म्हणाला. मग अगदी हळू, "पोराला... उतरवा."

खरखर थांबली. ती वळली तर दारात फत्तेसिंगराव उभे होते. त्यांनी खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला, सेल बाहेर काढले आणि तळहातावर धरून नुसते बघत राहिले.

"आवाज... तूही ऐकलास?"

"हो मामंजी."

"समुद्रात कोण गेलंय आज?"

तिनं सगळं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते मटकन उंबऱ्यावर बसले.

"निजलेलं हत्यार उचलायचं नसतं गं... उचललं की आपण एकटेच उचलत नाही, आधी होऊन गेलेलेही हात लावतात..."  मग म्हणाले, "जा. फोन लाव. पळ."

ती अंधारत्या वाटेनं पळत दुकानात शिरली. गंगाधररावांनी तोंड उघडलं होतं, "काय वहिनी, आज भरती..." तिचा चेहरा बघून त्यांनीच सगळ्यांत तातडीचा लायटनिंग कॉल लावून दिला.

बऱ्याच वेळानं रणोजीरावाचा आवाज आला. "जया? आम्ही निघतोच आहोत."

"निघू नका. वादळ येतंय."

"वादळ? अगं, इथं वारासुद्धा नाही. पाणी तेलासारखं पडलंय. हवामानात सांगितलं?"

 "हो."

"तुझ्या कानांनी ऐकलंस?"

"माझ्या कानांनी. उतरा तुम्ही. सगळ्यांना उतरवा."

"तांडेल हसेल माझ्यावर."

"हसू दे की!" ती ओरडली. "काम जाऊ दे. तुम्ही उतरा!"

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. "बरं," तो म्हणाला. "उतरतो." आणि लाइन तुटली.

त्या रात्री सासरा-सून पाटासमोर बसून राहिले. रेडिओ पुन्हा बोलला नाही. वास मात्र गेला नाही.

दशमीला सकाळी सगळं गाव दसऱ्याची मिरवणूक बघायला निघालं होतं. गंगाधरराव धावत बोलवायला आले. जयलक्ष्मीनं जाऊन फोन कानाला लावला.

"जया..." रणोजीराव होता. जिवंत होता. पण बोलणं धड नव्हतं. "वादळ आलं. धक्क्यावरची पत्र्याची छपरं उडाली. माझं कुणी ऐकलं नव्हतं. तांडेल दोन खलाशी घेऊन निघून गेला, मला म्हणाला, बायकोच्या पदराखाली बस. मला वाटलं, संपले तिघं. आत्ता नाव आली."

"देवाची कृपा."

"ऐक ना. तांडेल मला धक्क्यावर बघून किंचाळला. म्हणतो, तू तर खाली आहेस! म्हणतो, नाव सुटताना तूच मागून उडी मारून आत आलास. रात्रभर इंजिनापाशी वाकून होतास. हाक मारली की नुसता हात वर करायचास. मान एकदाही वर केली नाहीस..."

"मग खाली कोण आहे?"

 त्याच्या मागून, दुरून, धक् धक् धक् असा एकसारखा आवाज येत होता.

त्या सकाळी नाव धक्क्याला बांधली गेली आणि तिघेही जिवंत उतरले. टाकीत डिझेलचा थेंब नव्हता, आणि इंजिन चालूच होतं.