विनीच्या टपरीवर दोन शेवंडी

दुकानात नारंगी रंगाचा शेवटचा डबा फळीवर होता, आणि त्याच्यावर दोन हात एकदमच पडले. एक माझा. दुसरा उन्हानं रापलेला, दोरानं चरे पडलेला.

"तू घे," तो म्हणाला. "पाण्यावर नारंगी-पांढऱ्या तरंगत्या खुणा म्हणजे एव्हरेट क्रॉकर यांचे शेवंडीचे पिंजरे. त्यांच्या मुलीशी भांडायची माझी छाती नाही."

"ओळखतोस तर! आणि तू कोण?"

"सायलस ड्रिस्को." मग जरा थांबून... "हेडली बंदर."

माझं हसू तिथंच थिजलं.

आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक बंदराचं पाणी वेगळं. रेघ कुणी मारलेली नाही, पण ती ठाऊक सगळ्यांना असते. दोन वर्षांपूर्वी जूनमधल्या एका धुक्याच्या सकाळी कुणीतरी बाबांच्या चाळीस पिंजऱ्यांचे दोर कापले. वरच्या खुणा वाहून गेल्या, पिंजरे तळालाच राहिले. हेडलीवाल्यांचंच काम, असं आमचं सगळं टर्न कोव्ह बंदर म्हणालं. बाबा काही बोलले नाहीत. हिवाळाभर खाली मान घालून नवे पिंजरे बांधत बसले.

तरीही मी सायलसला भेटत राहिले. अख्खा उन्हाळा, समुद्रापासून दूरच्या गावात, जिथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. पिझ्झा खाल्ला, नूडल्स खाल्ले. शेवंड मात्र कधी मागवली नाही. ती कुणाच्या बोटीतली, हा प्रश्न आलाच असता.

सप्टेंबरात माझ्या वाढदिवसाला तो म्हणाला, "मर्सी, आज शेवंड खाऊ या. जागा तू ठरव."

"तुझ्या मावशीची टपरी?"

"चालेल, पण मावशी तासाभरात गावभर करेल."

"हायवेवरचं ते मोठं हॉटेल?"

"तिथं सगळे प्रवासीच असतात. आपल्याला कुणी विचारणार नाही."

"आणि आमच्या कोव्हमधली... विनीची?"

त्यानं घड्याळ पाहिलं. विनीच्या टपरीवर रोज पाच वाजता बाबा कॉफी प्यायला येतात, हे त्याला माहीत होतं.

गाडी मी चालवत होते. फाट्यावर उजवीकडे हायवे होता. मी उजवा दिवा लावला. मग वाटलं, किती दिवस असं परक्यासारखं जेवायचं? मी दिवा बंद केला आणि डावीकडे वळले. सायलसनं खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

"घाबरलास?"

"हो," तो सरळ म्हणाला. "तू?"

"तुझ्याहून जास्त."

त्यानं गिअरवरच्या माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

विनीनं आमच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या बाकाकडे. बाबा तिथंच होते. तिनं आम्ही मागवलेल्या दोन उकडलेल्या शेवंडी, कणसं आणि लोण्याच्या वाट्या आणून ठेवल्या. लोणी अंगावर उडू नये म्हणून आमच्या गळ्यात प्लास्टिकची लाळेरी बांधली. लाळेरं बांधलेला सायलस शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलासारखा दिसत होता, पण हसायला मला धीर झाला नाही.

बाबा उठले. कप हातात घेऊन आमच्या टेबलापाशी आले.

"ड्रिस्को ना तू?"

सायलस उभा राहिला. "हो, मिस्टर क्रॉकर."

"तुमच्या बंदरानं माझे चाळीस दोर कापले, असं लोक म्हणतात."

"बंदरानं नाही." त्यानं गळ्यातलं लाळेरं सोडलं. "माझ्या भावानं. आणि बोट... बोट मी चालवत होतो."

कुणाच्या तरी हातातला काटा ताटलीवर पडला. मी सायलसकडे पाहत राहिले. चार महिने... चार महिने हा माझ्यासमोर बसून नूडल्स खात होता.

"का?" बाबांनी विचारलं.

"भावाला वाटलं, तुम्ही आमच्या पाण्यात आलात. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही."

बाबांनी कप टेबलावर ठेवला. "दोन वर्षं वाट पाहत होतो, कुणीतरी येऊन तोंडानं सांगेल म्हणून," ते म्हणाले. "सोमवारी पहाटे चारला धक्क्यावर ये. तळाचे पिंजरे गळ टाकून शोधू. निघतील तेवढे निघतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवा आता. गार शेवंड रबरासारखी लागते."

ते गेले. सायलस खाली बसला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा भेटली असतीस?"

"नाही."

"म्हणून." त्यानं मान खाली घातली. "रोज ठरवायचो. रोज तू हसायचीस, आणि... मला तुझं हसणं गमवायचं नव्हतं, मर्सी. मी प्रेमात पडलोय तुझ्या. हेही आधीच सांगायला हवं होतं."

माझे डोळे भरून आले, रागानंच बहुतेक. मी शेवंडीची नांगी अडकित्त्यात धरून जोरात दाबली. पाणी त्याच्या चेहऱ्यावर उडालं. त्यानं ते पुसलंही नाही.

"मी रागावले आहे."

"माहीत आहे."

"उद्याही रागावलेली असेन. परवाही."

"आणि सोमवारी?"

मी नांगीतला गर काढला, लोण्यात बुडवला, क्षणभर थांबले... आणि त्याच्या ताटलीत ठेवला.

"सोमवारी बोटीवर मीही असेन," मी म्हणाले. "पावणेचारला ये. बाबांना वाट पाहायला आवडत नाही, आणि मलाही."