दुकानात एकच कार्ड

दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड काउंटरवर ठेवलं आणि दोन हात एकदमच पुढे आले. एक तिचा, दुसरा एका उंच, चष्मेवाल्या तरुणाचा.

"मी आधी आले."

"मी कालच सांगून ठेवलं होतं."

"एवढ्या जुन्या कॉम्प्युटरला चालेल असं हे एकच आहे. आता तुमचं तुम्ही ठरवा," म्हणत दुकानदाराने अंग काढून घेतलं.

ती चित्रकार होती. रस्ता ओलांडणाऱ्या कासवाची दीड मिनिटाची ॲनिमेशन फिल्म तिला शनिवारपर्यंत एका स्टुडिओला पाठवायची होती. तिथली नोकरी आधी दोनदा हुकली होती. घरचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. कासवाने चार पावलं टाकली, की पडदा गोठलाच!

"तुम्हाला कशाला हवंय? गेम खेळायला?" तिने जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना दाखवायला कॉम्प्युटरवर हृदय बनवलंय, आतून-बाहेरून फिरणारं. पण... माझं हृदय सारखं अडकतं हो."

दुकानदाराला ठसका लागला. सरांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. तिला हसू आवरेना.

शनिवारचं कळल्यावर मात्र सरांनी कार्ड तिच्याकडे सरकवलं. "परवाच की! घेऊन जा. हृदय थांबेल थोडं."

घरी आल्यावर वेगळीच पंचाईत. कार्ड कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या जागेपेक्षा दोन बोटं लांब! तिने रडकुंडीला येऊन दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "सरांनाच विचारतो. ते भारी खटपट्ये आहेत."

अर्ध्या तासात सर दारात हजर, हातात स्क्रू-ड्रायव्हर. दोघं जमिनीवर गुडघे टेकून बसली. बाबा वरून टॉर्च धरून उभे.

"बसतंय का गं, छकुली?"

"बाबा!" ती लाजेने अर्धी झाली. सव्वीस वर्षांची छकुली! सर मात्र मान खाली घालून गालातल्या गालात हसत होते.

आतली एक रिकामी लोखंडी चौकट काढली, तर जागा होणार होती. तीन स्क्रू निमूट निघाले, चौथा गंजलेला. सर वाकले, तीही वाकली... डोक्यावर डोकं आपटलं. शेवटी चौकट निघाली.

"आता दाबा. हळू... खट् आवाज येईपर्यंत."

त्याची बोटं एका टोकाला, तिची दुसऱ्या. खट्! कार्ड बसलं, तरी हात काढायची घाई कुणीच केली नाही.

थोड्या वेळाने पडद्यावरचं कासव न थांबता रस्त्यापलीकडे गेलं. "पोचलं गं बाई एकदाचं!" बाबांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना ती पटकन बोलून गेली, "रविवारी तुमचं हृदय घेऊन या." मग जीभ चावली. "म्हणजे... पेनड्राइव्हवर."

तो रविवारी आला. पुढच्याही रविवारी आला. तो तिच्या कॉम्प्युटरवर काम करायचा, ती शेजारी बसून रेखाटनं करायची, आणि गप्पांना ऊत यायचा. महिन्याभराने स्टुडिओचा होकार आला. काम घरूनच करायचं होतं, आणि त्यासाठी नवाकोरा कॉम्प्युटरही मिळाला.

आठव्या रविवारी तिने स्वतःच कार्ड काढलं, पुसलं आणि त्याच्यापुढे धरलं. "आता तुम्हाला घरीच काम करता येईल."

त्याचा चेहरा एवढासा झाला. कार्ड हातात घेऊन तो उलटसुलट करत राहिला.

"खरं सांगू? हृदय कधीच पूर्ण झालंय. गेले तीन रविवार मी..."

"माहीत आहे. फाइलवर शेवटच्या बदलाची तारीख दिसते, सर."

"मग बोलला का नाहीत?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग त्याच्याकडे.

"बोलले असते, तर तू आला असतास?"

आतल्या खोलीत बाबांचा रेडिओ खरखरत होता.

"तुम्ही... 'तू' म्हणालात."

"हो," ती म्हणाली. "चुकून नाही."