एकच जोडी

रविना खोलीत शिरली तेव्हा सोफ्यावर आधीच कुणीतरी डोळे मिटून बसलं होतं.

शहापूरच्या बाजारात सुनिलशेठच्या दुकानामागे स्पीकर ऐकून बघायची ही खोली होती. खिडक्यांना जाड पडदे, आणि समोर स्पीकरच्या दोन जोड्या. एक छातीइतकी उंच, जमिनीवर उभी. दुसरी छोटी, स्टँडवर ठेवलेली. शेणव्याला रविनाच्या घरावर नवी खोली चढली होती, आणि पतपेढीत काम करणाऱ्या या मुलीनं ठरवूनच टाकलं होतं... त्या खोलीत गाणं येणार, तर नीट येणार.

"तुमी दोघं एकदमच ऐका ना," सुनिलशेठ मागून म्हणाले. "हे भाविक डॉक्टर, मुरबाडचे. गुरांचे हां! त्यांनाबी याच दोन जोड्यांतली एक घ्यायचीय."

डॉक्टरांनी डोळे उघडले आणि ते गडबडून उभे राहिले.

"बसा ना," रविना म्हणाली. "फक्त... जरा तिकडे सरकाल? मला डावीकडे बसायचंय."

"डावीकडून गाणं जास्त गोड लागतं?"

"लागतं!"

भाविक हसून उजवीकडे सरकला, आणि रविनाला हायसं वाटलं. लहानपणी गालगुंड झालं, तेव्हापासून तिला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं. हे ती हल्ली कुणाला सांगत नसे. खर्डीचं एक चांगलं ठरलेलं स्थळ त्या कानापायी मोडलं होतं. 'मुलीत खोट आहे' एवढाच निरोप आला होता, तोही तिसऱ्याच माणसाकडून.

सुनिलशेठनी एक अभंग लावला. "गाणारी बाई बरोब्बर मधोमध उभी वाटतेय का नाय?"

"वाटते तर!" रविनानं ठोकून दिलं. तिच्यासाठी सगळं गाणं एकाच बाजूनं यायचं. पण मोठ्या स्पीकरवर मृदंग पोटात घुमायचा, आणि छोट्यांवर गाणारीनं मध्येच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा... एवढं मात्र खरं होतं.

निवड काही होईना. मग दर शनिवारी दोघं आपापली गाणी घेऊन यायला लागले, आणि सुनिलशेठ चहा सांगायला लागले.

"मोठ्यांत जीव आहे बघा," भाविक म्हणायचा.

"जीव नाही, दंगा आहे. गोठ्यात लावणार आहात का?"

"लावीन की. म्हशींना बासरी आवडते. दूध वाढतं."

"थापा!"

"थोड्या," तो म्हणायचा आणि तिच्याकडे असा बघायचा, की पुढचं गाणं कुठल्या स्पीकरवर वाजलं हे तिला सांगता आलं नसतं.

ऑक्टोबरातला असाच एक शनिवार. आभाळ अवेळी भरून आलं होतं, ओल्या मातीचा वास सुटला होता. ती स्कूटीकडे निघाली, तसा तोही बरोबर चालू लागला... पण तिच्या डाव्या हाताला. शेजारून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. रविनाला त्याचे हलणारे ओठ तेवढे दिसले, आणि खाली झुकलेली नजर. पाऊस येतोय, घरापर्यंत सोडू का, असं विचारत असणार!

"नको हो," ती हसून म्हणाली. "माझी मी जाते."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "बरं," म्हणाला, आणि वळून गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सोफ्यावर ती एकटी बसली आणि दोन्ही जोड्या तिला सारख्याच बेचव वाटल्या.

"डॉक्टर बोलले, स्पीकर नको आता," सुनिलशेठनी सांगितलं.

रविनाच्या मनात आलं, कानाचं कळलं वाटतं डॉक्टरांना, कुणीतरी सांगितलंच! घरी जाईपर्यंत डोळे भरून येत होते. मग मात्र तिला राग आला. या वेळी तिसऱ्या माणसाचा निरोप नको. काय असेल ते समोरासमोर होऊन जाऊ दे.

सोमवारी रजा टाकून तिनं किन्हवलीच्या रस्त्यानं स्कूटी मुरबाडकडे काढली. दोन्ही अंगांना पिकायला आलेलं भात डुलत होतं, पण तिचं लक्ष नव्हतं.

गुरांच्या दवाखान्याच्या अंगणात भाविक एका म्हशीच्या खुराला पट्टी बांधत होता. म्हशीची मालकीण, जिवली नावाची एक ठसठशीत बाई, दावं धरून उभी होती.

"तुम्ही... इथे?" भाविक उठला. पट्टीचं टोक हातातच राहिलं.

"कुणाकडून कळलं असेल तर असू दे," रविना एका दमात म्हणाली, "पण माझ्या तोंडून ऐका. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. अजिबात नाही."

तो बघतच राहिला. "डाव्या...? पण मला कुणीच काही... थांबा. त्या दिवशी रस्त्यावर मी डावीकडेच होतो ना? मी काय बोललो ते तुम्हाला—"

"घरापर्यंत सोडू का, हेच ना?"

भाविकनं मोठ्ठा श्वास सोडला. "बरं झालं! देवा, किती बरं झालं!" मग तो चपापला. "म्हणजे... कान गेला ते बरं नाही हो, मला म्हणायचं होतं—"

रविना हसायला लागली. इतकी, की डोळ्यांना पाणी आलं. छातीवरचा धोंडाच कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

"काय विचारलं होतंत?"

तो वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला. कानाशी वाकला.

"म्हटलं होतं... दोन घरांत दोन जोड्या कशाला? आपल्या दोघांत मिळून एकच घेऊया का?"

रविनाचे गाल तापले. 'माझी मी जाते'... अगंबाई! या प्रश्नाला तिनं हे उत्तर दिलं होतं!

"बोला ना," तो म्हणाला. "आता तरी..."

"छोटे घेऊ," ती हळूच म्हणाली.

"का?"

"मोठे ऐकायला लांब बसावं लागतं."

तो नुसता हसला, कानापर्यंत लाल होत.

"डॉक्टर," जिवली म्हणाली, "तुमचं ठरलं असंल, तर माझ्या म्हशीची पट्टी बांधताव का आता?"

भाविक घाईघाईनं खाली बसला. रविनाही ओढणी खोचून त्याच्या शेजारी बसली आणि तिनं खूर घट्ट धरून ठेवला.