चार शनिवारांचं काम

नोव्हेंबर संपत आला होता. डुलुथ शहरावर आभाळ इतकं खाली आलं होतं, की सरोवर कुठे संपतं नि ढग कुठे सुरू होतात, कळत नव्हतं. लोर्ना आपलं जुनी गाण्याची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान बंद करत होती, तेवढ्यात काचेपलीकडे एक भिजलेला माणूस दिसला. अंगातला कोट त्याने कडेवरच्या अ‍ॅम्प्लिफायरला गुंडाळला होता आणि स्वतः कुडकुडत होता.

“लावून तर नाही ना बघितलात?” दार किलकिलं करत तिने विचारलं. सगळे लावून बघतात, आणि मग जळका वास घेऊन येतात.

“नाही. वडिलांचा आहे. अकरा वर्षं बंद आहे.”

ती बाजूला झाली. झालं, तिथेच बाईसाहेबांचा घात झाला!

त्याचं नाव एमेट. वडील गेले तेव्हापासून रिकामं पडलेलं घर विकून टाकायला आला होता. नाताळच्या आत ॲरिझोनाला परतायचं होतं. तिथे आई अंथरुणाला खिळलेली. वडील यावर गाणी लावायचे, तोच आवाज तिला एकदा ऐकायचा होता.

जुने भाग बदलून झाले, की अशा यंत्राला एकदम पूर्ण वीज द्यायची नाही. थोडी थोडी चढवायची, थांबायचं, काटा बघायचा. लोर्ना दर शनिवारी दुपारी थोडीच चढवी आणि म्हणे, “आज इतकंच.” तो समोरच्या स्टुलावर कॉफी घेऊन बसे. बाहेर बर्फमिश्रित पाऊस, आत अ‍ॅम्प्लिफायरमधल्या काचेच्या नळ्यांचा, व्हॉल्व्हचा, मंद तांबूस उजेड...

“तुम्ही याच्याशी जितकं गोड बोलता, तितकं गिऱ्हाइकाशी नाही बोलत.”

“तो मध्ये मध्ये बोलत नाही ना.”

चौथ्या शनिवारी ऐकून पारखायचं होतं. अशा वेळी ती नेहमी अ‍ॅम्प्लिफायरवर कापड टाकी, कापडाखाली हात घालून व्हॉल्व्हची जोडी बदलत असे, आणि कुठली बरी ते गिऱ्हाइकाने सांगायचं. एकदा मात्र ती मुद्दाम काहीच बदलत नसे. तरीही लोक छातीठोकपणे म्हणत, आता काय सुरेख वाजतंय!

“बोला. पहिली की दुसरी?”

“तुम्ही बदललीच नाही.”

ती चपापली. “इतका तयार कान?”

“कान कसला... हात हललाच नाही तुमचा. मी मघापासून तुमच्याकडेच बघतोय.”

लोर्नाने कापड काढून बाजूला ठेवलं. आज बोललं नाही, तर हा उद्या पहाटेच्या विमानाने गेलेला असेल.

“एमेट, मी खोटं वागले. हे काम एका दिवसाचं होतं. मी... मी उगाच चार शनिवार लावले.”

“ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे?”

“बाबा घरी हेच काम करायचे. सकाळी वीज चढवायला घेतली, की संध्याकाळी गाणं.” तो खाली बघत म्हणाला, “मी दर शनिवारी घाबरत यायचो, आज म्हणाल झालं म्हणून.”

ती हसली, आणि डोळे भरून आले म्हणून तिला स्वतःचाच राग आला. “राहा ना इथे.”

“आई...” तो एवढंच म्हणाला. पुढचं तिला कळलं.

दोघांनी मिळून खोकं बांधलं. नेहमी फटाफट चिकटपट्टी लावणारी लोर्ना आज कोपरा न् कोपरा दाबत बसली. गाडीत खोकं ठेवून तो परत आला, केसांवर बर्फाचे कण.

“परत कधी आणावा लागेल तपासायला?”

एक खोटं पुरलं असतं. दरवर्षी, म्हटलं असतं की झालं! पण आता तिला त्याच्याशी खोटं बोलवेना.

“पंधरा वर्षं तरी काही होणार नाही.”

त्याने दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. “इतकं चांगलं करायला कुणी सांगितलं होतं गं तुला?”