मासांबाची कर्सा

मासांबाच्या ब्रशातला निळा रंग उडाला, तो थेट रोखायाच्या नव्या पिवळ्या झग्यावर. सेन-लुई गावाच्या किनाऱ्यावर तो होडी रंगवत होता आणि ती मासळीची पाटी घेऊन शेजारून चालली होती.

"डोळे घरी विसरून आलास का रे?" ती कडाडली.

त्यानं तोंड उघडलं... आणि मिटलं.

"मुका आहेस? आडनाव तरी सांग!"

"जोप."

रोखाया खळखळून हसली. "तरीच! जोपांना ताटातल्या भाताखेरीज काही दिसतं का? मी न्जाय."

आणि नवल म्हणजे गड्याची जीभ सुटली. "न्जाय होय! मग रंग उडाला तेच बरं. निदान अंगावर काहीतरी शोभेल."

जोप आणि न्जाय भेटले की एकमेकांची टर उडवायचीच, ही पणज्यांपासूनची रीत. त्यात राग धरायचा नाही आणि काही खरंही मानायचं नाही. मासांबाला बोलायला ही एवढीच वाट होती. एरवी चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. रोखायाच्या कुंबा आत्याला त्याचं कोण कौतुक! "पोराला कर्सा आहे हो," ती म्हणायची. मनातलं ओठांवर येतं आणि लाजेनं, अदबीनं तिथंच थांबतं, ती कर्सा. ज्याच्यात ती नाही, त्याला चांगल्या घरी कुणी बसा म्हणत नाही.

रोखायाला मात्र आताशा त्या शब्दाचाच राग येऊ लागला होता. त्या रंगाच्या भेटीपासून सहा महिने तो रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात चहा करत होता. एकाच पत्तीचे तीन पेले, पहिला कडू, तिसरा गोड. तिसरा पेला देताना त्याची बोटं तिच्या बोटांपाशी अंमळ रेंगाळायची... आणि तोंडातून काय यायचं? "पी, न्जाय. भातानं पोट फुगलं असेल."

आता डाकारच्या एका कापडवाल्याकडून शुक्रवारी तिच्यासाठी मागणीची कोला फळं येणार होती. वडिलांनी ती हातात घेतली की लग्न ठरलं. आज गुरुवार. तिला ना बसवत होतं, ना उभं राहवत होतं. अंगण तिनं तीनदा झाडलं.

संध्याकाळी मासांबा आला, पण शेगडीशी न बसता उभाच राहिला.

"काका," तो तिच्या वडिलांना म्हणाला, "ही न्जाय... मला द्या. घरी नेतो."

सगळं अंगण हसलं. "ऐका! जोपांच्या घरी भात रांधायला माणूस कमी पडतंय!" वडिलांनी मांडीवर थाप मारली. सवयीनं रोखायाच्याही तोंडून गेलं, "आधी ताट चाटायचं सोड, जोप!"

बोलली आणि तिला आपलीच जीभ चावावीशी वाटली.

मासांबा कसंनुसं हसला. शेगडीशी बसला, चहा उकळला, पेल्यातून पेल्यात उंच धार धरली. सहा महिन्यांत त्याच्या हातून थेंब सांडला नव्हता. आज मनगटावर उकळता चहा सांडत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. रोखायाखेरीज दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं. पहिला पेला वडिलांना देऊन तो उठला.

"येतो."

कर्सा काय, रोखायालाही होतीच की! वडिलांसमोर असलं बोलायचं नसतं. पण तो दाराबाहेर गेला तर...

"मासांबा!"

हसणं थांबलं. आजवर तिनं त्याला जोपखेरीज कधी काही म्हटलं नव्हतं.

"बाबा, तो थट्टा करत नव्हता," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "आणि मीही... करत नाहीये."

"अगं बाई! कर्सा कुठं गेली तुझी?" आत्या ओरडली.

"येईल उद्या परत, आत्या."

वडील मासांबाकडे वळले. "सरळ सांगायला काय झालं होतं रे तुला?"

"सांगितलं की, काका..."

वडिलांना हसू आवरेना. "उद्या सकाळी तुझ्या काकांना पाठव. कोला घेऊन. डाकारला मी निरोप धाडतो."

मासांबा परत शेगडीशी बसला. तिसरा पेला झाला. मग त्यानं तो तिच्यापुढे धरला.

"घे..." तो अडखळला. ती वाट बघत राहिली.

"घे, रोखाया."