पी दाबून एंटर

कॉम्प्युटर माझ्याच हातून मेला, असं मला त्या दिवशी वाटलं.

माझं मशीन सकाळपासून बंद पडलं होतं आणि दुपारी एका तेलुगू सिनेमाची मराठी सबटायटल्स पाठवायची होती. आमचे साहेब एकनाथराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्या नव्या पोराच्या मशीनवर बस की." बसले. तर पडद्यावर एकही चित्र नाही, खाली पट्टी नाही, टेबलावर माऊससुद्धा नाही! घाबरून दोन-चार बटणं दाबली, तसा पडदा काळाच झाला.

"काय केलंत?" मागून आवाज आला.

"मी... मी काहीच नाही केलं—"

"तेच चुकलं. काहीतरी करा ना." तो हसत वाकला. शर्टाला चहाचा वास होता. "ऑल्ट धरा. आता स्पेस."

पडदा जागा झाला आणि मधोमध एक रिकामी चौकट उमटली.

"काय हवंय त्याचं पहिलं अक्षर लिहा. प्रोग्राम, फाइल, माणूस... काहीही. मग एंटर. शोधत फिरायचं नाही."

हा मिलिंद. बरकतपुऱ्यात राहणारा, कायम बाह्या दुमडलेला. ऑफिसात सगळे मला दर्शिनी म्हणत. हा एकटाच सबंध प्रियदर्शिनी म्हणायचा, आणि म्हणताना कुठेही घाई करायचा नाही.

माऊस धरून धरून माझं मनगट तेव्हा ठणकत असायचं. माझं क्रेप बँडेज बघून त्यानं न विचारताच ती चौकट माझ्याही मशीनवर घालून दिली. "हे शिकतं बरं का. तुम्ही जे सारखं उघडता ते वर आणतं. थोड्या दिवसांनी तुमच्या मनातलं तुमच्याआधी ओळखेल."

"इतकं चोंबडं?"

"हौ. माझ्याहून चोंबडं."

मी हसले. पुढे रडायची पाळी येणार हे कुठे माहीत होतं!

झालं असं, की एम दाबला की माझं 'मराठी' नावाचं फोल्डर पहिलं यायचं. दिवसभराचं काम त्यातच. पण मग मिलिंदचे निरोप सुरू झाले. 'चहा?' 'खाली गरम पुनुगुलू तळतायत, चल.' अहो-जाहो कधी गळून पडलं कळलंच नाही. मी उत्तर द्यायची, आणि दिल्यावर जुने निरोप पुन्हा वाचायची. एके सकाळी एम दाबला... आणि पहिल्या ओळीत मिलिंद! मराठी दुसऱ्या ओळीत.

कुणी पाहिलं तर? चौकटीला फसवायला मी मराठीचं फोल्डर उगीचच उघडत-मिटत बसले. पण मध्येच राहवायचं नाही, निरोप आलाय का बघायची, आणि मिलिंद पुन्हा वर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

आणि एक दिवस तो माझ्या टेबलापाशी आला. "मराठीचं फोल्डर दाखव गं जरा," म्हणत त्याचं बोट थेट एमकडे निघालं.

"नक्को!" मी कीबोर्ड असा हिसकला की त्याच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर सांडला.

त्याचा चेहरा उतरला. "बरं... नाही लावत हात," एवढंच म्हणून तो गेला. निरोप थांबले. मी सांगायला चार वेळा उठले आणि चारही वेळा पाण्याची बाटली भरून परत आले. सांगणार तरी काय? खरं कारण तर त्या हिसकण्याहून अवघड होतं.

मग शेजारची भाग्यलक्ष्मी म्हणाली, "मिलिंद पूना जा रहा, मालूम नै तेरेकू?"

नव्हतं मालूम. त्याच्या बाबांची फार इच्छा, म्हणे. पुण्यात आपली माणसं, आपली भाषा. मी "अच्छा" म्हटलं आणि त्या दिवशी नायिकेचे सगळे संवाद खलनायकाच्या तोंडी घालून ठेवले.

शुक्रवारी साडेचारच्या सुमारास फोन वाजला. मिलिंद! मागे गाड्यांचा गोंगाट.

"प्रियदर्शिनी, एक काम कर ना. बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यातून आणतोय, काचिगुड्याला अडकलोय. पुण्याच्या नोकरीला होकार पाचच्या आत द्यायचाय. मेल तयार आहे, पण माझ्या मशीनवरच राहिली. पी दाब, एंटर. पहिलंच येईल. मग पाठव."

म्हणजे त्याला मीच पाठवायचं. माझ्या दुखऱ्या हातानं!

त्याच्या खुर्चीत बसले. ऑल्ट, स्पेस. पी.

"आलं का?"

पहिल्या ओळीत 'प्रियदर्शिनी' होतं. सबंध नाव. पुणे त्याच्याखाली.

"हॅलो? आलं का गं?"

"पहिलं... माझं नाव आलंय."

तो फार हळू म्हणाला, "अय्यो... मी कधी बघतच नाही. बोटं आपली चालतात." मग, "खालचा बाण दाब. दुसरं आहे ते."

"दाबते. तू सांगितलंस म्हणून दाबते." मी बाणावर बोट ठेवलं. "पण तू जाऊ नयेस असं मला वाटतं, मिलिंद. फार वाटतं."

"एंटर दाबू नको. येतो मी." फोन बंद.

घड्याळाकडे बघवेना. तो येऊन स्वतःच्या हातानं पाठवणार असेल तर? मी बोलायलाच नको होतं!

जिना दणदणला. घामानं निथळत तो आला, मी उठताच खुर्चीत बसला आणि माझ्याकडे न बघता भराभर काहीतरी लिहू लागला. माझ्या टेबलावर टिंग वाजलं.

मी माझ्या टेबलाशी गेले. तो मागे येऊन उभा राहिला होता. या वेळी मी पडदा झाकला नाही. ऑल्ट, स्पेस, एम. पहिल्या ओळीत मिलिंद. त्यानं ते वाचलं.

"म्हणून कीबोर्ड ओढलास?"

"हौ."

"अन् मी येडा, शर्ट धूत बसलो."

मी एंटर दाबलं. त्याचा निरोप उघडला. 'पुण्याला नकार कळवला. तू मला हो म्हणशील?'

"आणि बाबा?" मी पुटपुटले.

"खाली रिक्षात आहेत. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, माझ्या डोळ्यांत औषध घातलंय, मला काही दिसत नाही... तुला काय दिसतंय ते बघ."

मी उत्तर लिहायला हात उचलला. पण एकही अक्षर धड उमटेना. तेव्हा त्यानं माझं बँडेज बांधलेलं मनगट अलगद धरलं आणि म्हणाला, "राहू दे. तोंडानं सांग."

सांगितलं.